जुनं हिब्रू धर्मशास्त्राचं पुस्तक घरात सापडलं तर ते कुठलं, कधीचं हे कसं ओळखायचं

साताऱ्यात सदर बझारला आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या मिस्टरांचे आजोबा पलटणीत होते आणि त्यांची एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर पडून होती, ती गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली आली. आत काय, तर दोन प्रार्थनेची पुस्तकं आणि एक हे एवढं जाडजूड, पोळपाटाएवढं, चामड्याच्या बांधणीचं धूड. काकूंनी मला बोलावलं कारण मी जुनी पुस्तकं गोळा करतो हे सगळ्या गल्लीला माहितीये. म्हणाल्या, आमच्याकडं म्हणतात हे चारशे वर्षांचं आहे, बघ काय ते. आता मला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. तरी दोन महिन्यांत पुस्तक कुठलं, कधीचं ते बऱ्यापैकी कळलं, आणि ते कसं ते इथं लिहितोय, कारण असल्या ट्रंका अजून बऱ्याच माळ्यांवर असणार.

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते. पुसायचं नाही. उन्हात टाकायचं नाही. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन, काही म्हणजे काही नाही. मी पहिल्याच दिवशी ओलं फडकं घेऊन कव्हर पुसायला निघालो होतो, काकूंनी हात धरला म्हणून वाचलं. असल्या पुस्तकात घाण, डाग, खाडाखोड, कोपऱ्यातली नावं हाच सगळा पुरावा असतो, का ते पुढं येईलच. कोरडा मऊ ब्रश, तो पण हलक्या हातानं, बास. बाइंडिंगवाल्याकडं न्यायचा मोह होईल, नेऊ नका, तो बिचारा चांगल्या मनानं कडा कापून चौकोन सरळ करून देतो आणि त्यात समासातली अर्धी अक्षरं जातात.

आणि अजून एक. हे धर्माचं पुस्तक आहे, त्यामुळं जमिनीवर ठेवू नका, पालथं घालू नका. आपल्याकडं पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतात तसं त्यांच्यात पुस्तक खाली पडलं तर उचलून मुके घेतात. फाटकी पानं निघाली तर कचऱ्यात नाही, आणि जुन्या पोथ्या आपण संगम माहुलीला सोडतो तसं नदीत पण नाही. त्यांच्यात देवाचं नाव असलेली जीर्ण पानं जपून ठेवतात आणि मग पुरतात, त्या साठवणीला गेनिझा म्हणतात. म्हणून सुटं पान दिसलं तर पाकिटात घालून पुस्तकासोबतच ठेवा, त्या पानावर काय निघेल सांगता येत नाही.

आता पुस्तक उघडायचं. उजवीकडून. हिब्रू उजवीकडून डावीकडं जातं, म्हणजे आपल्याला जे शेवटचं पान वाटतं ते पहिलं. मी पहिला अर्धा तास शेवटाचे फोटो सुरुवात म्हणून काढत बसलो होतो. पूर्ण सपाट उघडू नका, पाठीचा कणा मोडतो, दोन बाजूंना दोन उशा द्या आणि इंग्रजी व्ही सारखं अर्धवट उघडं राहू द्या.

पान बघितलं की पहिली गोष्ट दिसते ती मांडणी. मधे मोठ्या चौकोनी अक्षरात मूळ मजकूर आणि चारी बाजूंनी बारीक अक्षरात दाटीवाटीनं काहीतरी. वाईला किंवा कुठं जुन्या संस्कृत पोथ्या बघितल्या असतील तर त्रिपाठी पोथी आठवेल, मधे मूळ आणि वर खाली टीका. अगदी तोच प्रकार. बारीक अक्षरातली ती टीका, म्हणजे भाष्य. ती अक्षरं वेगळीच वळणदार असतात, त्याला राशी लिपी म्हणतात. राशी हा फ्रान्समधला मोठा भाष्यकार, ११०५ साली वारला, त्यानं स्वतः ही लिपी कधी वापरली नाही, पण १४७५ मध्ये इटलीत रेज्जो दि कालाब्रिया इथं त्याचं भाष्य असल्या वळणाच्या टाइपात छापलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. हेच १४७५ चं पुस्तक म्हणजे साल छापलेलं सगळ्यात जुनं हिब्रू छापील पुस्तक, आणि त्याच वर्षी पिओवे दि साक्को इथं धर्मशास्त्राचा आर्बाआ तुरीम हा ग्रंथ छापला. म्हणजे कायद्याची पुस्तकं छपाईत पहिल्या दिवसापासून आहेत.

इथं थोडं कुळ समजून घ्यावं लागतं नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आपल्याकडं कसं, याज्ञवल्क्यस्मृती, तिच्यावर मिताक्षरा, मग निर्णयसिंधु, मग घाईच्या माणसासाठी धर्मसिंधु. त्यांच्यात तालमूद, म्हणजे धर्मकायद्याच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ, मग बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडिताचा मिश्ने तोरा, मग हे आर्बाआ तुरीम, म्हणजे थोडक्यात तूर. तूरवर योसेफ कारो यानं बेत योसेफ नावाचं भलंमोठं भाष्य लिहिलं, कुठला निर्णय कुठून आला सगळं उकलून. त्याचे पहिले दोन भाग व्हेनिसला १५५० आणि १५५१ मध्ये छापले. मग त्यानंच त्याचं सार काढून शुल्हान आरूख लिहिलं, नावाचा अर्थ मांडलेलं टेबल, आपल्या भाषेत ताट वाढून ठेवलंय, बसा. ते छापून निघालं व्हेनिसला १५६५ मध्ये, आणि १५६७ ला लगेच परत छापावं लागलं. कारो राहायचा आजच्या इस्रायलमधल्या गालील भागातल्या सफेद गावी, आणि त्यानं निर्णय दिले ते स्पेनकडच्या रिवाजाचे. मग पोलंडमधल्या क्राकोचे मोशे इस्सर्लेस म्हणाले आमच्याकडचं काय, आणि त्यांनी वर आपल्या टिपा घातल्या, त्यांना नाव दिलं मापा, म्हणजे टेबलावरचं कापड. टेबल मांडलंय तर कापड पण पाहिजे. मला हा विनोद लई आवडला.

हे सगळं का सांगतोय, तर साल शोधायची सगळ्यात भारी युक्ती यातच आहे आणि तिला हिब्रू भाषा यायची गरज नाही, फक्त आठदहा नावं ओळखता आली पाहिजेत. पानाच्या वर किंवा भाष्याच्या सुरुवातीला त्या भाष्याचं नाव ठळक छापलेलं असतं. जे भाष्य पानावर आहे त्याच्या जन्माआधी ते पान छापलेलं असूच शकत नाही. म्हणजे शुल्हान आरूखच्या मजकुरात इस्सर्लेसच्या टिपा मिसळलेल्या दिसल्या तर ती व्हेनिसची पहिली आवृत्ती नाही, क्राकोला १५७० च्या आसपास छापली तेव्हाची किंवा नंतरची. बाजूला शाख नावाचं भाष्य दिसलं तर १६४६ किंवा पुढचं. मागेन अव्राहाम दिसलं तर १६९२ किंवा पुढचं. आणि मिश्ना बेरुरा दिसलं तर सोडा, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, आजोबांनी नवीनच घेतलं असणार. काकूंचं पुस्तक शुल्हान आरूखच, आणि त्यात डाव्या बाजूला मागेन अव्राहाम असं स्वच्छ छापलेलं होतं. चारशे वर्षांची गोष्ट तिथंच संपली, पण मी लगेच सांगितलं नाही, म्हटलं आधी खात्री करू.

नावं वाचायला काय करायचं, तर मोबाइलवर हिब्रू मुळाक्षरांचा तक्ता डाउनलोड करा, शेजारी राशी लिपीचा पण घ्या, आणि वहीत दहा वेळा गिरवा. बावीस अक्षरं आहेत, आपल्या बाराखडीच्या मानानं काहीच नाही. गुगल लेन्स मोठी चौकोनी अक्षरं बऱ्यापैकी वाचतं पण राशी लिपीत पार गोंधळून जातं आणि काहीही भाषांतर ठोकून देतं, एकदा मला म्हणालं की कोंबडी कोर्टात आली आहे. त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आता मुखपृष्ठ, म्हणजे आतलं पहिलं छापील पान. असलं तर नशीब, कारण पहिलं आणि शेवटचं पान सगळ्यात आधी गळतं. त्यावर बरेचदा खांब आणि कमानीची चौकट असते, आणि त्या पानाला हिब्रूत शार म्हणजे दरवाजाच म्हणतात. खाली छापखान्याचं नाव, गाव, साल. व्हेनिसमध्ये ज्यू माणसाला स्वतःच्या नावानं छापखाना काढता येत नसे, म्हणून नावं ख्रिश्चन मालकांची दिसतील, बोंबेर्ग, जुस्तिनियानी, ब्रागादिन, दि गारा. ही बघून हे ज्यूंचं पुस्तक नाहीच असं समजू नका. यातला दानिएल बोंबेर्ग हा मूळचा अँटवर्पचा, त्यानं १५२० ते १५२३ मध्ये पूर्ण बाबिलोनी तालमूद पहिल्यांदा छापला आणि त्याचे पानांचे आकडे आजपर्यंत तसेच चालतात. ब्रागादिनची खूण तीन मुकुट. पण तीन मुकुट दिसले म्हणून नाचू नका, तो छापखाना दीडशे वर्षांच्या वर चालला आणि ती खूण दुसऱ्यांनी पण उचलली.

गावाच्या नावात तर अस्सल फसवणूक असते. काकूंच्या पुस्तकावर गाव होतं आम्स्टर्डाम, ढळढळीत, मोठ्या अक्षरात. आम्स्टर्डामची हिब्रू छपाई त्या काळी एक नंबर, टाइप सुंदर, मी खूश. मग तीन दिवसांनी भिंगातून बघताना वर एक बारीक शब्द दिसला, बे ओतियोत, म्हणजे च्या अक्षरांनी. आम्स्टर्डामच्या अक्षरांनी! म्हणजे टाइप त्या वळणाचा, छापलंय भलतीकडंच, आणि खरं गाव खाली बारीक छापलेलं, आमचं निघालं जर्मनीतलं फ्युर्थ. आपल्याकडं पाटीवर कोल्हापुरी मोठं आणि त्याच्यापुढं पद्धतीची हे बारीक लिहितात तसलं. अठराव्या शतकात युरोपातल्या बऱ्याच छापखान्यांनी हे केलंय. म्हणून मोठं अक्षर वाचून झालं की त्याच्या आसपासचं सगळ्यात बारीक अक्षर वाचा.

सालाचं गणित इथं सगळ्यात जास्त मजा आणि सगळ्यात जास्त घोळ. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. अलेफ १, बेत २, असं योदपर्यंत १०, मग काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०, कोफ १००, रेश २००, शीन ३००, ताव ४००. सालाची अक्षरं बेरजेनं घ्यायची. साधारणपणे हजाराचा आकडा गाळलेला असतो, त्याला ते छोटी गणती म्हणतात. तर आलेल्या बेरजेत १२४० मिळवा, इसवी सन मिळतं. आपण शकात ७८ मिळवतो तसंच. शीन, काफ आणि ‘हे’ नावाचं पाचवं अक्षर अशी तीन अक्षरं असतील तर ३०० अधिक २० अधिक ५, झाले ३२५, त्यात १२४०, झालं १५६५. हजार धरून ५३२५ लिहिलं असेल तर ३७६० वजा करा, उत्तर तेच. त्यांचं वर्ष सप्टेंबर ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यातलं असेल तर एक वर्ष कमी धरा.

घोळ कुठं, तर बरेच छापखाने सरळ अक्षरं देत नाहीत, बायबलमधली एखादी ओळ छापतात आणि त्यातली काही अक्षरं मोठी किंवा वर टिंब दिलेली ठेवतात, फक्त तेवढ्यांचीच बेरीज करायची. आपल्याकडच्या शिलालेखात बाण म्हणजे ५ आणि वेद म्हणजे ४ असले शब्द घालून शक सांगतात, त्याच जातीची हौस. मी पहिल्यांदा आख्ख्या ओळीची बेरीज केली आणि पुस्तक इसवी सन २९०० च्या वर गेलं. मग टॉर्च तिरका धरून मोठी अक्षरं वेगळी काढली तेव्हा अठराव्या शतकाच्या मध्यावर आलं, म्हणजे मागेन अव्राहामशी बरोबर जुळलं. अजून एक खुबी, १५ आणि १६ हे आकडे १० अधिक ५ आणि १० अधिक ६ असे लिहित नाहीत कारण त्यात देवाच्या नावाची अक्षरं येतात, ते ९ अधिक ६ आणि ९ अधिक ७ लिहितात. पानं मोजताना हे माहीत नसलं की वाटतं छापणारा चुकला.

एक चाचणी मात्र पाठ करून ठेवा. पुस्तक व्हेनिसचं म्हणतंय आणि साल १५५४ ते १५६२ च्या मधलं येतंय, तर तुमची बेरीज चुकली असं आधी समजा. कारण १५५० मध्ये मिश्ने तोरावरून ब्रागादिन आणि जुस्तिनियानी या दोन छापखान्यांचं वाजलं, पादुआच्या राब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, टिपांसकट एकानं छापलं तर दुसऱ्यानं पण तेच पुस्तक काढलं, प्रकरण क्राकोच्या इस्सर्लेसपर्यंत निवाड्याला गेलं, मग दोघं एकमेकांच्या तक्रारी घेऊन रोमला गेले, आणि धंद्याच्या त्या भांडणातून आग भलतीकडं लागली. सप्टेंबर १५५३ मध्ये रोमच्या कांपो दे फियोरी चौकात तालमूद जाळला, ऑक्टोबरमध्ये व्हेनिसला जाळला, आणि पुढं साधारण दहा वर्षं व्हेनिसची हिब्रू छपाई बंद पडली. तेव्हा कामं साबियोनेता, क्रेमोना असल्या छोट्या गावांत गेली, बेत योसेफचे उरलेले भाग पण साबियोनेतालाच निघाले. त्यामुळं त्या वर्षातलं पुस्तक असेल तर गाव असलंच काहीतरी पाहिजे.

आता खाडाखोड. इटलीतल्या जुन्या प्रतीत मधेच ओळी काळ्या शाईनं मारलेल्या दिसतात. ते मुलांनी केलेलं नाही. चर्चनं नेमलेले सेन्सॉर घरोघरची पुस्तकं तपासून परधर्मीयांबद्दलचे आक्षेपार्ह वाटणारे शब्द मारायचे आणि शेवटच्या पानावर लॅटिन अक्षरात सही करायचे. सोळाव्या शतकाच्या शेवटाला दोमेनिको जेरोसोलिमितानो नावाचा एक सेन्सॉर होता, धर्म बदललेला ज्यू, त्याच्या सह्या शेकडो पुस्तकांत सापडतात. अशी सही असली की ते पुस्तक त्या वर्षी इटलीत होतं हे नक्की, याच्याइतका सरळ पुरावा दुसरा नाही. आणि गंमत म्हणजे शाई विटत गेली की खालचं अक्षर परत वाचता येतं. ओलं फडकं का नको ते आता कळलं ना.

कागदावर फार वेळ घालवत नाही, एकच पान उजेडासमोर धरून बघा. हातकागदात जवळजवळ बारीक रेषा दिसतात, शिवाय त्यांना छेदणारी दर दोन तीन सेंटिमीटरवर एक ठळक रेष, आणि कुठंतरी नांगर, मुकुट असलं जलचिन्ह. ठळक रेषा उभ्या आणि जलचिन्ह पानाच्या मधोमध असेल तर तो फोलिओ, म्हणजे ताव एकदाच दुमडलेला. रेषा आडव्या आणि जलचिन्ह शिवणीत घुसलेलं असेल तर दोनदा दुमडलेला. रेषाच नाहीत, कागद एकसारखा आणि कडेनं तपकिरी होऊन तुटतोय, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा, लाकडाच्या लगद्याचा कागद. चिंध्यांपासून केलेला जुना कागद आजही कडक असतो, माझ्याकडच्या १९५० च्या कादंबऱ्यांचा भुगा झालाय आणि काकूंचं पुस्तक खडखडीत.

पानं मोजायची ती पोथीसारखी, म्हणजे पानाला एक आकडा आणि त्याला दोन बाजू. आकडे वरच्या कोपऱ्यात अक्षरात. वहीत लिहीत जा, कुठलं पान आहे, कुठलं नाही. मग जेरुसलेमच्या नॅशनल लायब्ररीचा कॅटलॉग ऑनलाइन फुकट आहे, त्यात गाव आणि साल टाकून नोंद काढा आणि पानांची संख्या ताडून बघा. हिब्रूबुक्स नावाच्या साइटवर हजारो जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत. मुखपृष्ठ गेलं असेल तर तुमचं दहावं पान आणि स्कॅनमधलं दहावं पान शेजारी ठेवा, पहिला शब्द, शेवटचा शब्द, पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा जो शब्द आधीच छापलेला असतो तो, आणि तुटकं अक्षर एखादं. अशी तीन वेगवेगळी पानं ताडून सगळं जुळलं तर आवृत्ती सापडली. नुसता मजकूर जुळून उपयोग नाही, मजकूर सगळ्याच आवृत्त्यांत तोच असतो.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, दिवसा खिडकीशी, फ्लॅश बंद. कोरी पानं आणि कव्हरच्या आतली बाजू सोडू नका. काकूंच्या पुस्तकात तिथंच देवनागरीत शाईनं दोन मुलांचे जन्म टिपलेले निघाले, तिथी वारासकट, आणि त्याच्या वर कुणा दुसऱ्याच हातचं हिब्रू, फिकट. म्हणजे पुस्तक या घरात येण्याआधी अजून कुणाचं तरी होतं. काकू त्या जन्माच्या नोंदी वाचून बराच वेळ गप्प बसल्या, त्यातला एक त्यांचा सासरा होता.

किंमत किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कला बोंबेर्गचा पूर्ण तालमूद ९३ लाख डॉलरला गेला ही बातमी कुणीतरी तुम्हाला पाठवणारच. तो पूर्ण संच होता आणि फार उत्तम अवस्थेतला. ट्रंकेतलं सुटं, पानं गळालेलं पुस्तक म्हणजे ते नव्हे. बेने इस्राएल घरात बरेचदा सापडतात ती लिव्होर्नो किंवा व्हिएन्नाची एकोणिसाव्या शतकातली प्रार्थनापुस्तकं, त्यांना बाजारात फार मोल नाही. उलट मुंबई पुण्यात छापलेलं मराठी हिब्रू काही निघालं, म्हणजे १८७४ च्या पुण्याच्या हग्गादासारखं (वल्हांडण सणाला वाचतात ते पुस्तक), तर ते जास्त जपा, त्यात सणाची भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत. आणि कुणी परदेशातून पाठवून द्या म्हणालं तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं, कागदपत्रं येतात, ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं.

ठेवायचं कसं. आडवं, उभं नाही. सुती पांढरं कापड धुऊन खळ काढून त्यात गुंडाळा. डांबरगोळ्या पुस्तकाला चिकटून नकोत, वेखंड किंवा कडुनिंब घालायचा तर वेगळ्या पुरचुंडीत, पाला थेट पुस्तकात ठेवला तर डाग पडतो. साताऱ्याच्या पावसात जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा उघडून बुरशी बघा. सांगली मिरजेकडचे असाल तर पहिल्या मजल्यावर ठेवा, २०१९ च्या पुरात किती पुस्तकांचा लगदा झाला ते तुम्हाला मी सांगायला नको.

दाखवायचं असेल तर पुणं जवळ, लाल देऊळ म्हणजे १८६७ चं ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर), नाहीतर रास्ता पेठेतलं सिनेगॉग. काकू सिनेगॉगला मशीदच म्हणतात, जुन्या बेने इस्राएल लोकांची तीच बोली, मी आधी भलत्याच ठिकाणी पत्ता विचारत होतो. फोन करून जा, शनिवारी जाऊ नका, त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस असतो आणि त्या दिवशी ते लिहीत नाहीत, फोन उचलत नाहीत. एसटीनं नेताना उशीच्या अभ्र्यात घालून मांडीवर घ्या, डिकीत टाकू नका.

मी अठराव्या शतकाचं सांगितलं तेव्हा वाटलं काकूंना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, म्हणजे पानिपताच्या आगेमागे? म्हटलं हो, साधारण. म्हणाल्या बरंच जुनं आहे की रे. मग कपाटातली बांगड्यांची पेटी खालच्या कप्प्यात गेली आणि पुस्तक वरच्या. ते फिकट हिब्रू नाव अजून लागलेलं नाही, तीन अक्षरं लागलीत, चौथं रेश आहे का दालेत यावर आमचं दर रविवारी चहाबरोबर भांडण चालू आहे.